लहान मुलांना गणित शिकवायचंय? मग आधी "कसं केलंस?" हे विचारायला लागा

मी शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी एका मुलाने ५२ वजा १७ चं उत्तर ४५ लिहिलं. मी फुली मारली, फळ्यावर पूर्ण रीत परत करून दाखवली, त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी ६३ वजा २८ चं उत्तर ४५ लिहून आणलं. तिसऱ्या दिवशी कंटाळून मी त्याला जवळ बसवलं आणि म्हटलं, बरं मला सांग, तू हे केलंस कसं? तो एकदम आत्मविश्वासाने म्हणाला, "सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. मोठ्यातून लहान वजा करायचं असं तुम्हीच सांगितलं होतं ना बाई." आणि खरंच सांगितलं होतं मी, एक अंकी वजाबाकी शिकवताना, दहा वेळा तरी. म्हणजे मुलगा निष्काळजी नव्हता, माझाच नियम तो प्रामाणिकपणे पाळत होता.

तेव्हापासून मी नवीन कुणी शिकवायला लागलं की हेच पहिलं सांगते, मग तुम्ही शिक्षक असा, शिकवणी घेणारे असा नाहीतर घरी स्वतःच्या मुलाला घेऊन बसणारे आई-बाबा असा. मुलाच्या बहुतेक चुकांमागे एक नियम असतो, तो शोधायचा. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीच्या चुकांवर काम केलं, त्यात दिसलं ते हेच की बऱ्याच चुका अंदाधुंद नसतात, मूल एक ठरावीक चुकीची रीत पुन्हा पुन्हा वापरत असतं. आणि तो "मोठ्यातून लहान"वाला नियम त्यातला अगदी नेहमीचा.

आता क्रमाने सांगते. क्रम महत्त्वाचा आहे पण तारखा नाहीत, एखादं मूल एका पायरीवर दोन दिवस थांबेल, एखादं दोन महिने.

पायरी १: शिकवण्याआधी पाच मिनिटं बसा

प्रत्येक मुलासोबत एकट्याने पाच मिनिटं. वर्ग मोठा असेल तर रोज दोन-तीन मुलं घ्या, बाकीच्यांना तोवर चित्र काढायला द्या. समोर आठ मणी नाहीतर बिया ठेवा आणि म्हणा, मोज. मोजून झालं की विचारा, "मग किती आहेत?" मूल लगेच "आठ" म्हणालं तर छान. परत एक-दोन-तीन करत पहिल्यापासून मोजायला लागलं तर समजायचं की त्याच्यासाठी मोजणं म्हणजे अजून एक बडबडगीत आहे, शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे अजून बसलेलं नाही. मग मणी पसरवून ठेवा आणि विचारा आता किती, मधल्या मण्यापासून मोजायला सांगा, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे "मला सहा दे" म्हणा. मोजता येणारी कितीतरी मुलं "सहा दे" म्हटलं की मूठभर देतात.

रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजण्याची पाच तत्त्वं मांडली होती: प्रत्येक वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम पक्का, शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या, काहीही मोजता येतं, आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. पाठ करायची गरज नाही, पण वरचे सगळे प्रश्न यातूनच आलेत, आणि मूल यातल्या कुठे अडतंय ते कळलं की अर्धं काम झालं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा जुना प्रयोगही करून बघा, दोन समान ओळी मांडा, मग एक ओळ लांब पसरवा आणि विचारा कुठे जास्त. पाच वर्षांचं मूल बऱ्याचदा लांब ओळीकडे बोट दाखवतं. रागावू नका, समजावून पाठही करून घेऊ नका, त्याला अजून पुष्कळ मोजू द्या.

ही पाच मिनिटं वाया गेली असं वाटतं कारण पुस्तक पुढे सरकत नाही. पण ज्या वर्षी मी ती वाचवली त्या वर्षी नंतर महिनेच्या महिने गेलेत माझे.

पायरी २: वीसच्या आत घर करू द्या

इथे घाई करू नका, अजिबात नाही. तीन-चार वस्तू आपण न मोजता नुसत्या बघून ओळखतो, त्यापुढे गट पाडावे लागतात. म्हणून ठिपक्यांची कार्डं बनवा, दोन सेकंद दाखवा आणि लपवा, विचारा किती दिसले आणि कसे दिसले. एक म्हणेल "चार आणि तीन", दुसरी म्हणेल "पाच आणि दोन", दोघंही बरोबर, आणि सात हा आकडा आतून कसा कसा बनलाय हे वर्गाला फुकटात कळतं.

मग दहा. दोन ओळी, प्रत्येकी पाच घरं, अशी चौकट आखून द्या आणि बिया ठेवायला सांगा. आठ ठेवल्या की दोन घरं रिकामी दिसतात, ते "दिसणं" फार कामाचं आहे. दहाच्या जोड्या, म्हणजे ९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३, या इतक्या पक्क्या व्हायला पाहिजेत की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. कारण पुढे ८ + ५ करताना मूल बोटांवर तेरापर्यंत चढत जाण्याऐवजी पाचातले दोन आठाला देतं, दहा होतात, वर तीन, तेरा. बोटं वापरली तर वापरू द्या हो, बोटं काही वाईट सवय नाही, फक्त बघा की मूल पहिल्यापासून मोजतंय का मोठ्या आकड्यापासून पुढे मोजतंय. ३ + ९ ला तीनपासून सुरू करत असेल तर विचारा, नऊपासून सुरू केलं तर उत्तर बदलेल का? करून बघू दे.

पायरी ३: दशक, आणि आपल्या भाषेची अडचण

काड्या आणि रबर घ्या. दहा सुट्या काड्या झाल्या की गठ्ठा बांधायचा, स्वतःच्या हाताने, आयता बांधलेला गठ्ठा देऊ नका. ३४ म्हणजे तीन गठ्ठे आणि चार सुट्या. मग ४३ करायला सांगा, अंक तेच पण टेबलावर ढीग किती वेगळा दिसतो ते मुलांनाच बघू दे.

आता आपल्या मुलांना एक जास्तीचं ओझं आहे जे आपण मोठे विसरून जातो. मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि दशक नंतर, लिहिताना उलटं. "बावन्न" ऐकलं की आधी "दोन"चा आवाज येतो म्हणून मूल २५ लिहितं. जर्मन बोलणाऱ्या मुलांचंही असंच होतं, त्यांच्यातही एकक आधी बोलतात. चिनीत मात्र अकरा म्हणजे सरळ "दहा एक", बावन्न म्हणजे "पाच दहा दोन", नावातच दशक ऐकू येतो. आणि आपले एकोणतीस, एकोणसाठ तर अजून वेगळे, त्यांच्या नावात पुढच्या दशकाचं नाव आहे, म्हणून एकोणसाठ सांगितलं की ६९ लिहिलेलं दिसतं. आणि मूल हा नियम पकडतं न पकडतं तोवर नव्व्याण्णव येतं, जे एकोणशंभर नाही!

यावर मी काय करते, तर सुरुवातीचे काही आठवडे दोन्ही नावं घेते. "बावन्न, म्हणजे पाच दशक दोन." मुलांनी पण दोन्ही म्हणायचं. आणि लिहिलेलं चुकलं की फुलीच्या आधी काड्या मांडायला लावते, बावन्न मांड. बरोबर मांडलं म्हणजे संख्या कळलीय, फक्त लिहिण्याचा क्रम उलटा झालाय, ही छोटी गोष्ट. मांडतानाच चुकलं तर मात्र गठ्ठ्यांकडे परत जायचं. दोन चुका वहीत अगदी सारख्या दिसतात पण उपाय वेगळे आहेत.

पायरी ४: वस्तू, चित्र, चिन्ह

मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये मांडलेली गोष्ट आहे, आधी हाताने करणं, मग चित्रात बघणं, मग चिन्हात लिहिणं. आता सगळीकडे हे ऐकायला मिळतं, बरोबरही आहे. पण नवीन शिक्षक इथे एक चूक करतात, सोमवारी काड्या, मंगळवारी वही, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. काड्या संपल्या, मजा संपली, आता खरं गणित, असं मुलांना वाटतं. जोड महत्त्वाची. एक जण काड्या हलवतो, त्याच वेळी शेजारचा वहीत लिहितो, आणि प्रत्येक अंकावर बोट ठेवून विचारायचं, हा ५ चा अंक काड्यांमध्ये कुठे आहे, दाखव. दाखवता आलं नाही तर चिन्हाकडे जायची वेळ अजून आली नाही. आणि साहित्य महागाचं लागत नाही, पण घरात बनवलेलंही एकसारखं असू दे, दहाची पट्टी खरंच दहा सुट्यांएवढी लांब असली पाहिजे.

पायरी ५: हातचा आणि वजाबाकी

बेरजेतला हातचा तसा लवकर जमतो, सुट्या दहा झाल्या की गठ्ठा बांधून शेजारच्या घरात पाठवायचा, काड्यांवर केलेलं असेल तर वहीतला तो वरचा छोटा १ म्हणजे काय ते कळतं. हातचा १ म्हणू नका फक्त, "एक दशक" म्हणा.

वजाबाकीला जास्त वेळ द्या. ५२ मांडा, पाच गठ्ठे दोन सुट्या, आणि म्हणा मला सतरा दे. मूल सात सुट्या शोधतं, नाहीत. काय करशील? गप्प बसा. खरंच गप्प बसा, दहा सेकंद पण फार मोठे वाटतात तेव्हा. कुणीतरी म्हणतंच, "एक गठ्ठा सोडू का?" हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की पुढे रीत विसरायची भीती कमी, कारण रीत त्याचीच आहे. गठ्ठा सोडला, चार गठ्ठे बारा सुट्या, अजून बावन्नच आहेत ना? हा प्रश्न विसरू नका, बऱ्याच मुलांना वाटतं गठ्ठा सोडला की संख्या बदलली. मग सतरा द्या, उरले ३५.

माझ्या त्या पहिल्या वर्षीच्या मुलालाही मी शेवटी हेच दिलं. त्याने काड्यांवर ३५ काढले, वहीतल्या ४५ कडे बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "पण सात तर सतरातले आहेत, मी उलटं केलं." मी काहीच बोलले नव्हते. ४०२ − १७८ सारखी, मध्ये शून्य असलेली उदाहरणं सगळ्यात शेवटी घ्या, तिथे शतक सोडून दहा दशक आणि त्यातलं एक दशक सोडून दहा सुटे असं दोनदा करावं लागतं, मोठी माणसंही अडखळतात.

अजून एक, वजाबाकी म्हणजे फक्त "काढून टाकणं" नाही, फरकही आहे. १०० वजा ९८ ला उभी मांडणी करून शून्यांशी झगडणारी मुलं बघितली की वाईट वाटतं, ९८ पासून १०० किती लांब, संख्यारेषेवर दोन उड्या, झालं.

मध्येच एक छोटी पायरी, = या चिन्हाची

८ + ४ = ▢ + ५. हे फळ्यावर लिहा आणि बघा. बहुतेक मुलं चौकटीत १२ लिहितील, काही सगळं मिळवून १७. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हेच दिलं होतं आणि सगळ्यांची उत्तरं १२ किंवा १७ च होती. कारण वर्षानुवर्षं मुलांनी = चा अर्थ "आता उत्तर लिही" असाच बघितलेला असतो. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा छापलं तेव्हा दोन सारख्या समांतर रेघा घेतल्या, कारण त्यांच्यापेक्षा सारखं दुसरं काय असणार. मुलांना ही गोष्ट सांगा, लक्षात राहते. आणि पहिल्या वर्षापासून उदाहरणं फिरवून द्या, १२ = ८ + ४, ७ = ७, ६ + ३ = ५ + ४. मोठं झाल्यावर समीकरणं शिकताना याचा किती फायदा होतो ते वरच्या वर्गाच्या शिक्षकांना विचारा.

पायरी ६: गुणाकार आणि पाढे

पाढे पाठ करावेत का? करावेत. पण अर्थ आधी. मण्यांच्या सहा-सहाच्या चार ओळी मांडा, मग तोच कागद फिरवा, आता चार-चारच्या सहा ओळी. मणी तेच, संख्या तीच. म्हणजे ४ × ६ आणि ६ × ४ वेगळे पाठ करायची गरज नाही. १ ते १० च्या पाढ्यांत १०० गुणाकार दिसतात, पण उलटसुलट एकच धरले की ५५ उरतात, आणि त्यातले १, २, ५, १० चे सोपे बाजूला काढले की फक्त २१. हे मी वर्गात मुलांकडूनच खोडून घेते, मोठ्ठा तक्ता लावायचा आणि जे येतं त्यावर काट मारायची, शेवटी उरलेला छोटासा भाग बघून मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो.

अडलं तर तोडायचं. सात सक किती आठवत नाही? पाच सक तीस येतं, दोन सक बारा येतं, मिळून बेचाळीस. असं दहा-पंधरा वेळा तोडलं की बेचाळीस आपोआप तोंडात बसतं. नुसत्या सुरात म्हटलेल्या पाढ्याची अडचण अशी की "सात सक" विचारलं की मूल सात एके सात पासून सूर धरतं, मध्ये उडी मारता येत नाही. म्हणून म्हणून झालं की मधलेच विचारा, उलटे विचारा, ४२ कशाकशाचे होतात ते विचारा. घड्याळ लावून परीक्षा मात्र घेऊ नका सुरुवातीला, सेकंद मोजायला लागलो की मुलाचं लक्ष गणितावरून उडून घड्याळावर जातं आणि ज्याला येतं तोही गडबडतो.

भागाकाराबद्दल एकच सांगते, त्याचे दोन चेहरे आहेत. १२ पेन्सिली ३ जणांत वाटल्या तर प्रत्येकाला किती, आणि १२ पेन्सिली तीन-तीनच्या जुड्यांत बांधल्या तर जुड्या किती. उत्तर दोन्हीकडे ४, पण हाताने करताना पूर्ण वेगळं काम आहे. दोन्ही करून घ्या.

पायरी ७: अपूर्णांक

इथे जुने नियम उलटे पडतात. आतापर्यंत ४ हा ३ पेक्षा मोठा होता, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा असणारच, हे मुलाचं म्हणणं त्याच्या जागी अगदी तर्काला धरून आहे. कागदाच्या सारख्या पट्ट्या द्या, घड्या घालू द्या, दोन भाग, चार भाग, आठ भाग, भाग वाढले की तुकडा बारीक होतो हे बोटांना कळू दे. भाग समान असलेच पाहिजेत हे दर वेळी बोला. आणि फक्त रंगवलेल्या गोलांवर थांबू नका, अपूर्णांक संख्यारेषेवर बसवा, नाहीतर ३/४ ही एक संख्या आहे हे कळतच नाही, ती "चार तुकड्यांतले तीन" अशी गोष्टच राहते.

१/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला छेद समान करायची रीत लगेच सांगू नका. विचारा, २/५ अर्ध्यापेक्षा जास्त का कमी? पट्टीवर बघ. कमी? मग अर्ध्यात अजून काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, असं कसं? या प्रश्नावर माझ्या वर्गात एकदा पूर्ण तास गेला आणि तो माझ्या सगळ्यात चांगल्या तासांपैकी होता.

याच कारणाने "दहाने गुणलं की शून्य लावायचं" असं सांगू नका. दशांश अपूर्णांक आले की २.५ × १० = २.५० लिहितील, आणि परत आपलाच नियम.

पायरी ८: शाब्दिक उदाहरणं

"एकूण दिसलं की बेरीज, उरले दिसलं की वजाबाकी", ही युक्ती शिकवू नका, प्लीज. "माझ्याकडे १२ पेन्सिली आहेत, ताईकडच्या पेक्षा ४ जास्त, तर ताईकडे किती?" यात "जास्त" आहे आणि करायची वजाबाकी. युक्ती शिकलेलं मूल सोळा लिहून मोकळं होतं.

फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या काही गणित-शिक्षणवाल्यांनी मुलांना विचारलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी आकड्यांचं काहीतरी करून वय काढून दिलं. मुलं मठ्ठ नव्हती, त्यांना शाळेने शिकवलं होतं की प्रश्नात आकडे असले की ते वापरायचेच. म्हणून मी कधीकधी आकडे पुसून गोष्ट सांगते. "एका मुलीकडे काही गोट्या होत्या, काही हरवल्या." काय झालं? चित्र काढ. आता जास्त का कमी? हे झालं की मगच आकडे. आणि महिन्यातून एखादं न सुटणारं उदाहरण मुद्दाम द्यायचं, "बाई यात माहिती कमी आहे" असं म्हणणाऱ्याला शाबासकी.

रोजच्या तासाचं

पहिली पाच-सात मिनिटं तोंडी, जुन्यातलं, थोडं कालचं, थोडं मागच्या महिन्यातलं. मग एकच नवीन गोष्ट. मग जोडीने काम, मग वही. एका प्रकारची वीस उदाहरणं देण्यापेक्षा सहा द्या, पण मिसळून, कारण वीसही बेरजाच असतील तर मूल चिन्ह बघायचंच सोडून देतं. तपासताना नुसत्या फुल्या मारण्यापेक्षा दोन-तीन सारख्या चुका शोधा आणि त्या मुलांना दुसऱ्या दिवशी एकत्र बसवा.

आता शेवटी जो प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात तो. "कसं केलंस?" विचारलं की मूल गप्पच बसतं, किंवा पटकन खोडरबर काढून उत्तर पुसायला लागतं, मग काय? पुसतं कारण त्याला माहितीये की मोठी माणसं चुकल्यावरच हा प्रश्न विचारतात. म्हणून आधी बरोबर उत्तरांवर विचारायला लागा, आठवडाभर फक्त बरोबर उत्तरांवर. तरी बोललं नाही तर दोन पर्याय ठेवा, "एक मुलगा म्हणाला आधी दहा केले, एक म्हणाली नऊपासून पुढे मोजलं, तू यातलं कोणतं केलंस का तिसरंच काही?" बोट तरी दाखवेल. बोलता येत नसेल तर काड्यांवर करून दाखव म्हणा. आणि ते सांगत असताना मध्ये बोलू नका, चुकीच्या जागी आलं तरी नाही, पूर्ण होऊ दे. अर्ध्या वेळा सांगता सांगताच मूल थांबतं आणि म्हणतं, "थांबा थांबा, परत करते."